ब्रसेल्सचा उत्तर-दक्षिण रेल्वेजोड : ३.८ किलोमीटर आणि ४१ वर्षं

बेल्जियमच्या राजधानीत, ब्रसेल्समध्ये, दोन मोठी रेल्वे स्थानकं होती. एक शहराच्या उत्तरेला, एक दक्षिणेला. दोन्हीकडे रूळ येऊन संपायचे आणि पुढे गाव सुरू व्हायचं. या दोन स्थानकांना गावाच्या पोटातून जोडणारा मार्ग ३.८ किलोमीटरचा आहे, म्हणजे साधारण बेळगाव स्टेशनहून अनगोळ गाठण्याइतका. काम सुरू झालं १९११ साली. उद्घाटन झालं ४ ऑक्टोबर १९५२ रोजी. मधल्या काळात दोन महायुद्धं होऊन गेली, गादीवर आजोबा, वडील आणि नातू असे तीन राजे बसले, आणि शहराच्या मध्यभागी पाडापाडीचं मैदान पडून राहिलं.

रेल्वेप्रेमी मंडळी या मार्गाकडे वाहतुकीचं यश म्हणून बघतात आणि ते यश आहेच. मी हे प्रकरण बेळगाव-खानापूरकडच्या वाचकांपुढे ठेवतोय ते त्या मैदानासाठी. घर पाडल्याचा दिवस आणि पहिली गाडी सुटल्याचा दिवस, यांच्यामधला काळ कुठल्याच अंदाजपत्रकात धरलेला नसतो. ब्रसेल्समध्ये तो इतका लांबला की कुणाला झाकता आला नाही, एवढंच.

दोन टोकं

युरोपच्या मुख्य भूमीवरच्या वाफेच्या इंजिनाच्या अगदी पहिल्या प्रवासी रेल्वेंपैकी एक ५ मे १८३५ रोजी ब्रसेल्स ते मेखेलेन अशी धावली. बेल्जियम हा देशच तेव्हा पाच वर्षांचा होता. नव्या देशाने रस्त्यांआधी रेल्वे मनावर घेतली असं म्हटलं तरी चालेल. दक्षिणेकडचा मार्ग १८४० मध्ये आला आणि त्याचं स्थानक वेगळं झालं. पुढे दोन्ही स्थानकांनी जागा बदलल्या, मोठ्या कमानींच्या इमारती उभ्या राहिल्या, दक्षिणेचं स्थानक १८६९ मध्ये आत्ताच्या जागी आलं. दोघांची भेट मात्र झाली नाही. शहराबाहेरून वळसा घालणारे रूळ होते, ते मालगाड्यांच्या सोयीचे. ज्याला एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने पुढे जायचं, त्याने घोडागाडी किंवा नंतर ट्राम पकडून सगळं गाव ओलांडायचं.

बेळगावच्या पन्नाशीपुढच्या माणसाला हा त्रास समजावून सांगायला नको. १९७१ च्या सुमारास पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाला, पण मिरजेच्या खाली बेळगाव-लोंढा मार्ग १९९० च्या दशकापर्यंत मीटरगेजच राहिला. पुण्या-मुंबईला जाणाऱ्याने मिरजेला उतरायचं. ट्रंका, होल्डॉल, झोपेतून उठवलेली पोरं आणि पाहुण्यांसाठी घेतलेला कुंद्याचा डबा सांभाळत दुसरी गाडी गाठायची. मिरजेत निदान स्टेशन एकच होतं.

मग ब्रसेल्सने इतकी वर्षं जोड का दिला नाही? एक कारण जमिनीतच आहे. शहर दोन पातळ्यांवर वसलेलं. वरच्या गावात राजवाडा, मंत्रालयं, बड्या लोकांची घरं. खालच्या गावात बाजार, कारागीर, अरुंद बोळ. दोहोंमध्ये उतार. सरळ जोडायचं तर रूळ या उतारावरूनच न्यावे लागणार होते, आणि तो उतार घरांनी गच्च भरलेला होता. अभियंत्यांनी यावर काढलेली युक्ती मला अजूनही सुंदर वाटते. दक्षिणेकडून रूळ कमानींच्या पुलावरून, रस्त्याच्या वरून येतात. पुढे रूळ फारसे खाली उतरत नाहीत, जमीनच वर चढत जाते आणि गाडी आपोआप टेकडीच्या पोटात शिरते. सुमारे २ किलोमीटर बोगदा, मग उत्तरेला पुन्हा भरावावर बाहेर.

कागदावर हे फार सोपं दिसतं. पण बोगदा उथळ होता. उथळ बोगदा त्या काळी उंदरासारखा आतून पोखरत नेत नसत. वरून जमीन उघडायची, भिंती बांधायच्या, छत घालायचं आणि पुन्हा माती लोटायची. म्हणजे बोगदा जमिनीखालचा असला तरी त्याच्यावरचं सगळं आधी जमीनदोस्त व्हायला हवं.

आधी पाडलं

कॅथेड्रल आणि जुना बाजारचौक यांच्यामध्ये पुतेरी नावाची वस्ती होती. लहान घरं, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड, वाकड्यातिकड्या गल्ल्या. आपल्या गणपत गल्लीत किंवा शहापुरात राहिलेल्या माणसाला तिथे परकं वाटलं नसतं. शेकडो घरं गेली. नकाशावरची रेघ सरळ होती, वस्ती सरळ नव्हती.

भरपाईचं काय? बेल्जियमच्या १८३१ च्या राज्यघटनेत ११ वं कलम होतं: सार्वजनिक हितासाठी मालमत्ता घ्यायची असेल तर न्याय्य मोबदला द्यायचा, आणि तो आधी द्यायचा. हा 'आधी' फार मोलाचा आहे. त्यामुळे घरमालकाचा पैसा बुडाला आणि घरही गेलं, असं हे प्रकरण नाही. कायदा होता आणि तो धड होता. पण कायद्याला दिसतो तो मालक. पाडलेल्या पट्ट्याला लागून ज्याचं दुकान उरलं, ज्याची गिऱ्हाइकं समोरच्या गल्लीसकट नाहीशी झाली, त्याच्या नावाने कुठलाच रकाना नव्हता. पुतेरीच्या कडेला उरलेल्यांनी पुढची चार दशकं रिकाम्या जागेकडे तोंड करून धंदा केला.

हे एकट्या रेल्वेचं पाप नव्हे. त्या काळात ब्रसेल्सला पाडण्याची सवयच लागली होती. राजा दुसरा लिओपोल्ड याला शहराला भव्य रूप द्यायचं होतं. रेल्वेच्या पट्ट्याला लागूनच त्याने कलांसाठी एक टेकडी सजवायची ठरवली आणि त्यासाठी आणखी एक वस्ती साफ झाली. पैसे संपले. १९१० चं जागतिक प्रदर्शन तोंडावर आलेलं, पाहुण्यांना काय ढिगारे दाखवायचे? म्हणून तिथे तात्पुरती बाग केली. लोकांना ती आवडली आणि तात्पुरती बाग १९५० च्या दशकापर्यंत टिकली. सरकारी कामांत तात्पुरतं म्हणून केलेलंच सर्वांत चिवट निघतं. आपल्याकडेही पत्र्याच्या शेडमध्ये चाललेली कचेरी शोधायला लांब जावं लागणार नाही.

१९११ मध्ये दक्षिणेच्या बाजूने पुलाचं काम सुरू झालं. तीन वर्षांत, ऑगस्ट १९१४ मध्ये, जर्मन सैन्य देशात घुसलं आणि काम थांबलं. चार वर्षांनी युद्ध संपलं तेव्हा देशाचा पश्चिम भाग खंदकांनी उद्ध्वस्त झालेला. घरं, कारखाने, नेहमीचे रेल्वेमार्ग, सगळंच दुरुस्त करायचं होतं. त्यात राजधानीतल्या अर्धवट जोडाचा नंबर कितवा लागणार? १९२६ मध्ये सरकारी रेल्वे राष्ट्रीय कंपनीकडे गेली, तरी खड्डा खड्डाच. हे काम सोडूनच द्यावं, असं म्हणणारे लोकही होते. त्यांना उलट प्रश्न असा पडायचा की पाडलेलं परत कोण बांधून देणार?

पूर्ण करायला पैसे नाहीत आणि सोडून द्यायला तोंड नाही, हीच या प्रकरणातली खरी अडचण. सगळ्या दिरंगाईला युद्ध हे कारण दिलं जातं. मला ते अर्धंच पटतं. १९१९ ते १९३५ ही सोळा वर्षं शांततेची होती. युद्धाने काम थांबवलं. थांबलेलं तसंच ठेवलं ते या पेचाने. आधी पैशाची तजवीज आणि मग पाडापाडी, असा क्रम असता तर १९१४ मध्ये थांबलेल्या कामाच्या जागी माणसं राहत असती.

वास्तुविशारद गेला, स्थानक राहिलं

मधल्या सेंट्रल स्थानकाचं काम व्हिक्टर होर्टा यांच्याकडे होतं. ब्रसेल्सच्या घरांना वेलीसारख्या लोखंडी रेषा देणारा हा माणूस १८६१ चा. स्थानकाचं काम मिळालं तेव्हा पन्नाशीच्या आसपास, नावाजलेला. आराखडे झाले, काम थांबलं, काळ बदलला, त्यांची स्वतःची शैली बदलली, आराखडेही बदलले. १९४७ मध्ये होर्टा वारले. स्थानक मॅक्सिम ब्रुनफो यांनी पूर्ण केलं. आज तिथे उभं राहिलं तर होर्टांच्या जुन्या घरांमधली वेल कुठेच दिसत नाही. दिसतो तो भारदस्त, काहीसा सरकारी दगड. वाईट नाही. पण १९१२ च्या सुमाराचं स्थानक कसं झालं असतं, हा प्रश्न पडतोच.

१९३५ मध्ये जोड पूर्ण करण्यासाठी कायद्याने स्वतंत्र मंडळ नेमलं, तिथून काम हललं. त्याच वर्षी ब्रसेल्समध्ये बेल्जियन रेल्वेच्या शताब्दीनिमित्त आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं होतं. शताब्दीचे झेंडे एकीकडे आणि शहराच्या मध्यभागी अर्धवट रेल्वे दुसरीकडे. १९४० मध्ये पुन्हा जर्मन आले. पुन्हा रखडणं. अखेर १९५२ मध्ये २२ वर्षांच्या राजा बोदुआँने उद्घाटन केलं. काम सुरू झालं तेव्हा गादीवर त्याचे आजोबा होते.

मार्गाला क्रमांक मिळाला शून्य. सहा रूळ, मध्ये तीन स्थानकं, त्यांत सेंट्रल सर्वांत मोठं: जमिनीखाली सहा रूळ आणि तीन अरुंद फलाट. अडकून पडायचीच सवय असलेल्या देशव्यापी रेल्वेला एकदम आरपार वाट मिळाली. समुद्रकिनाऱ्याकडून आलेली गाडी ब्रसेल्स पार करून थेट पूर्वेला जाऊ लागली. कामाच्या दिवशी हजाराहून जास्त गाड्या या सहा रुळांवरून जातात. इतका भार एका जागी आला की आता तिथे बिघाड झाला तर अर्धा देश खोळंबतो. २०१६ मध्ये पूर्वेच्या बाजूला शुमान ते जोसाफा हा दुसरा बोगदा उघडला, तो काही भार तिकडे वळवण्यासाठीच.

आणि वर? बोगदा झाकला गेला तेव्हा त्याच्यावर गल्ल्या परत आल्या नाहीत. रुंद बुलेव्हार्ड आले, राष्ट्रीय बँक, ग्रंथालय, विमान कंपनीचं कार्यालय आलं. उत्तरेच्या टोकाला सरकारी कचेऱ्यांची प्रचंड वसाहत १९५० च्या दशकाअखेरीस सुरू झाली, तीही पंचवीसेक वर्षं बांधली जात होती. पुढे कर्मचारी दुसरीकडे गेले आणि इमारती विकल्या गेल्या. वरचं गाव आणि खालचं गाव यांच्यामध्ये आज मोटारींचा रस्ता आहे. रेल्वे दिसत नाही, पण तिने पाडलेली फट दिसते.

इथे थोडं विषयांतर. ब्रसेल्स शहर दोन भाषांचं, फ्रेंच आणि डच. स्थानकांवरचे फलक दोन्ही भाषांत. १९६२-६३ च्या कायद्यांनी देशात भाषासीमा आखली. गाडी ब्रसेल्समध्ये असताना घोषणा दोन्ही भाषांत, सीमा ओलांडली की त्या त्या भागाच्या भाषेत. २०२४ मध्ये एका कंडक्टरने डचभाषक हद्दीत दोन्ही भाषांत नमस्कार केला म्हणून एका प्रवाशाने रीतसर तक्रार नोंदवली. कंडक्टर आणि भाषा या विषयावर बेळगावच्या वाचकाला मी काही शिकवावं असं नाही. एवढंच नोंदवतो की एवढ्या भाषावादातही फलकावर दोन्ही नावं ठेवायला कुणाची ना नाही.

आता आपल्याकडे

बेळगावची गोष्ट उलट आहे. सदर्न मराठा रेल्वेने १८८० च्या दशकात रूळ टाकले ते आरपारच. एका बाजूला जुनं बेळगाव, दुसऱ्या बाजूला तेव्हा सांगली संस्थानात असलेलं शहापूर. पुढे टिळकवाडी वाढली ती रुळांना लागून. ब्रसेल्सला जोड मिळवायला शंभर वर्षं लागली, आपल्याला जोड फुकट मिळाला आणि बदल्यात फाटकं मिळाली. पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट ही टिळकवाडीत पत्त्याची खूण आहे. 'गेट पडलंय' एवढं म्हटलं की उशिराचं कारण पुरतं. कपिलेश्वराजवळ पूल झाला, खानापूर रोडवरचा इंग्रजांच्या वेळचा पूल पाडून नवा बांधला, तिसऱ्या गेटवर पूल झाला. प्रत्येक वेळी पुलाखालच्या आणि पुलाजवळच्या दुकानदाराने काम संपेपर्यंतचे महिने स्वतःच्या गल्ल्यातून भरले. ब्रसेल्सच्या मानाने हे किरकोळ, पण जात तीच.

मोठा मामला आहे तो बेळगाव-कित्तूर-धारवाड या नव्या मार्गाचा. सध्या धारवाडला जायचं तर लोंढ्याचा वळसा. नवा मार्ग सुमारे ७३ किलोमीटरचा, सुरेश अंगडी रेल्वे राज्यमंत्री असताना पुढे सरकलेला. तो व्हावा असं मला वाटतं, हेही सांगून टाकतो. पण देसूर, गर्लगुंजी, नंदिहळ्ळी या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांचं म्हणणं आहे की रेघ सुपीक शिवारातून काढली आहे आणि कमी कसाची जमीन जवळ असताना ती तिकडून जाऊ शकते. हलगा-मच्छे बायपासचा अनुभव ताजा आहे; उभ्या पिकात जेसीबी आलेले लोकांनी पाहिले आणि भांडण कोर्टात गेलं.

हे प्रकरण मी आमच्या अभ्यासमंडळात वाचलं तेव्हा त्याच भागातले एक काका मागे बसले होते. बोगद्याचं, राजाचं, होर्टाचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, ते सगळं बरोबर हो. त्या लोकांनी जागा घेतली आणि चाळीस वर्षं काय केलं नाही, तर परत का मागितली नाही?"

प्रश्न नेमका होता. ब्रसेल्समध्ये मालकाला मोबदला आधी मिळालेला, आणि काम थांबलं तरी रद्द झालेलं नव्हतं. अँटवर्पमध्ये पुढे वेगळं घडलं. तिथलं शेवटच्या टोकाचं जुनं स्थानक २००७ मध्ये बोगद्याने आरपार केलं, तेव्हा शहराखालून यंत्राने पोखरत नेलं आणि वरची वस्ती बहुतेक जागच्या जागी राहिली. तंत्र बदललं की पाडावं कमी लागतं. पण तंत्रावर सगळं सोडू नये. ब्रसेल्समध्येच मेट्रोच्या तिसऱ्या मार्गाचा बोगदा दक्षिण स्थानकाजवळच्या एकोणिसाव्या शतकातल्या व्यापारी संकुलाखालून न्यायचा होता. काम सुरू झाल्यावर खालची जमीन ठिसूळ आणि पाणथळ निघाली. मग ठरलं की दर्शनी भिंती ठेवून आतली इमारत काढायची. दुकानदारांना बाहेर पडावं लागलं, खर्च फुगला आणि पैशाचा प्रश्न पुन्हा समोर आला. हे आत्ताचं, २०२० नंतरचं. शंभर वर्षांपूर्वीच्या मैदानापासून चालत जाण्याच्या अंतरावर.

काकांना मी आपल्याकडचा कायदा सांगितला. २०१३ च्या केंद्रीय भूसंपादन कायद्यात १०१ वं कलम आहे: ताबा घेतल्यापासून पाच वर्षं जमीन वापराविना पडून राहिली तर ती मूळ मालकाला किंवा त्याच्या वारसांना परत जाईल, किंवा सरकारच्या जमीन बँकेत जाईल. मात्र त्या वाक्यातला 'किंवा' सरकारच्या सोयीचा आहे. परत मिळेलच असं त्यात कुठे लिहिलेलं नाही. शिवाय जमिनी वेगवेगळ्या कायद्यांखाली घेता येतात. रेल्वेच्या स्वतःच्या कायद्यात संपादनाची तरतूद आहे, राज्याच्या औद्योगिक विकासाच्या कायद्यातही आहे, आणि १०१ वं कलम सगळीकडे आपोआप लागू होत नाही. म्हणून नोटीस आली की दराच्या रकान्याआधी वर छापलेलं कायद्याचं नाव वाचायचं.

"आणि पाच वर्षं कधीपासून धरायची? नोटिशीपासून?"

"नाही काका. ताब्यापासून."

"ताबा म्हणजे मोजणीवाले येऊन खुंट्या मारतात ते?"

खुंट्या म्हणजे मोजणी. ताब्याचा वेगळा पंचनामा होतो, त्यावर तारीख असते, पंचांच्या सह्या असतात. बऱ्याच ठिकाणी शेतकऱ्याच्या हातात मोबदल्याचा कागद असतो आणि पंचनाम्याची प्रत नसते. मग दहा वर्षांनी वाद निघाला की ताबा कधी घेतला हे ज्याच्या फाइलमध्ये आहे तोच सांगणार. काकांनी उताऱ्याच्या पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढे धरला. तो कन्नडमध्ये होता, मोजणीचा. पंचनामा त्यात नव्हता. मंडळातल्या एका वकिलांनी तिथल्या तिथे प्रत मागण्याचा अर्ज लिहून दिला, कन्नडमध्येच, म्हणजे कचेरीत भाषेवरून फिरवाफिरव नको.